एका ओळीवर अडलेली रात्र

मी सबटायटल लिहिते, इंग्रजीतून मराठी, घरूनच. बहुतेक काम वेबसिरीजचं असतं, मारामारी, पोलीस, थोडंफार कुकिंग. मागच्या पावसाळ्यात एक जुना पिक्चर आला, १९४४ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ७० मिनिटांचा, 'द कर्स ऑफ द कॅट पीपल'. शीटवर कॅटेगरी 'हॉरर' लिहिलेली आणि नाव हे असं, म्हटलं किंकाळ्याच जास्त असणार, डायलॉग कमी, दोन दिवसांत होईल. पाच दिवस लागले, त्यातला पाचवा दिवस अजून डोक्यातून जात नाही.

नाव अगदीच फसवं आहे. आरकेओ स्टुडिओचा 'कॅट पीपल' १९४२ मध्ये चालला होता म्हणून पुढचा भाग हवा होता, आणि निर्माता वॅल ल्यूटन याला नाव वरूनच मिळालं होतं. त्याला स्वतःला 'एमी अँड हर फ्रेंड' असं साधं नाव ठेवायचं होतं. पिक्चर बघितल्यावर कळतं की त्याचंच बरोबर होतं. न्यूयॉर्कजवळचं टॅरीटाउन गाव, तिथली सहा वर्षांची एकटी मुलगी एमी. एक मुलगा तिला आवडलेलं फुलपाखरू चिरडतो तर ती त्याला थोबाडीत मारते, आणि मग सगळ्यांचं म्हणणं, हिचंच काहीतरी बिनसलंय. बापानं कधीतरी गमतीत सांगितलेलं असतं की अंगणातल्या झाडाची ढोली म्हणजे जादूची टपालपेटी, तर ही पोर वाढदिवसाची सगळी आमंत्रणं त्या ढोलीत टाकते आणि मग कोणीच येत नाही. केक, मेणबत्त्या सगळं तयार आणि पोर वाट बघतेय. तो सीन मी तीनदा थांबवला, टाइमकोड लावायला म्हणून एकदा, बाकी दोनदा उगाच.

मग एमीला अंगणात एक मैत्रीण मिळते, आयरीना. ती म्हणजे बापाची मेलेली पहिली बायको. घरातला जुना फोटो पोरीच्या हाती लागतो आणि मैत्रिणीचा चेहरा तोच असतो. आता फोटोतला चेहरा पोरीनं उसना घेतला, की ती बाई खरंच आली, हे पिक्चर सांगतच नाही. सिमोन सिमोन नावाच्या फ्रेंच नटीनं आयरीना केलीय, अंगात पांढरा झगा, आणि बागेतल्या झाडांच्या सावल्या कॅमेरामन निकोलस मुसुराकानं अशा टिपल्यात की भीती वाटण्याऐवजी तिथे जाऊन बसावंसं वाटतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी क्यूसीचा, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला. अकरा ठिकाणी एकच कॉमेंट. मी 'मैत्रीण' किंवा नुसतं 'ती' लिहिलं होतं, तिथे 'भूत' किंवा 'आत्मा' करा, हॉरर आहे, प्रेक्षकाला कळलं पाहिजे. क्यूसीचे सर चांगले आहेत, तीन वर्षं फोनवरच ओळख आहे, भाषा पक्की, अनुस्वार सोडत नाहीत. पण हे मला पटेना. मी लिहून पाठवलं की एमी तिला एकदाही भूत म्हणत नाही आणि आपण तो शब्द टाकला की पिक्चरनं जे मुद्दाम उघडं ठेवलंय ते आपण बंद केलं. शाळेच्या बाई बापाला समजावतात, मुलांच्या मनाविषयीच्या पुस्तकाचा दाखला देतात, ते १९२७ चं खरंखुरं पुस्तक आहे, फ्रान्सिस विक्सचं, नाव नीट लिहायचं म्हणून मी शोधलं होतं. शोधताना मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम पण वाचलं, त्यांनी बघितलेल्या मुलांपैकी ६५ टक्क्यांना सात वर्षांची होईपर्यंत कधी ना कधी असा मनातला सोबती होता. म्हणजे हा काही आजार नाही. हे सगळं लिहून पाठवलं आणि वर शेवटच्या ओळीबद्दल विचारलं, कारण तिथे मी स्वतःच अडकले होते.

शेवट असा. आधी बापानं एमीला अंगणाकडे बघायला लावलेलं असतं, सांग तिथे कोणी नाही म्हणून. पोर म्हणते, आहे. खोटं बोललीस म्हणून तो तिला मारतो. ती रात्री बर्फात घरातून निघून जाते, मरता मरता वाचते, आणि परत आल्यावर बाप तिला विचारतो, आहे का गं ती आत्ता अंगणात. ती हो म्हणते, आणि तो म्हणतो की तोसुद्धा तिला 'सी' करतो.

इंग्रजीत हा एकच शब्द. आपल्याकडे दोन. 'मला दिसते' म्हटलं की ती डोळ्यांपुढे आहे, माझी इच्छा असो नसो. 'मी बघतोय' म्हटलं की मी मान वळवली, मी लक्ष दिलं. मी आधी लिहिलं होतं 'मलापण दिसते ती' आणि ते मला खोटं वाटत होतं, कारण याच माणसानं न दिसणाऱ्या गोष्टीपायी पोरीला मारलंय, त्याला अचानक दिसायला कसं लागलं? आणि 'मीपण बघतोय तिला' लिहिलं तर प्रेक्षकाला वाटेल बाप टाळतोय. ओळ पडद्यावर दीड सेकंद राहणार, समजवायला जागा नाही.

रात्री साडेदहाला सरांचा फोन. भुताचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, "मॅडम, तो मारायचा सीन मी आत्ता परत बघितला." मग बराच वेळ गप्प, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले त्यांच्या मुलीचा एक मन्या आहे, पाच वर्षांची आहे मुलगी, मन्या कोणाला दिसत नाही, त्याचा भात वेगळा कालवायचा, चपला वेगळ्या काढायच्या. रविवारी ऑफिसचं टेन्शन होतं, सर सोफ्यावर बसले आणि मुलगी किंचाळली, पप्पा तुम्ही मन्यावर बसलात. अर्धा तास रडली. आणि हे ओरडले, हात उगारला, तिला म्हणायला लावलं की मन्या नाहीये.

"म्हणाली का?" मी विचारलं.

"म्हणाली. तेव्हापासून चपला एकच जोड काढते." मग म्हणाले, "मी नुसता उठलो असतो मॅडम, तर काय बिघडलं असतं."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, सर, उठायला मन्या दिसायची गरज नव्हती. हे मी त्यांना शिकवायला म्हटलं नाही, ओळ शोधताना तोंडातून गेलं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "मग 'बघतोय'च ठेवा," ते म्हणाले, "फक्त 'हो बाळा' वाढवा पुढे, म्हणजे टाळल्यासारखं नाही वाटणार." ओळीतली अक्षरं मोजली, बसत होतं. 'हो बाळा, मीपण बघतोय तिला.' मोठ्यानं वाचून बघितलं, पडद्यावरच्या बापाच्या आवाजाबरोबर, आणि बरोबर बसलं.

'भूत'वाल्या अकराही कॉमेंट त्यांनी स्वतःच काढल्या. फाइल पाऊण वाजता गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या एपिसोडला लागले होते, कोर्टाचा होता, तारखा आणि कलमं नुसती, तर सरांचा मेसेज आला, कामाच्या ग्रुपवर नाही, मला वेगळा. 'मन्या कुठे बसतो ते विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाली खिडकीकडच्या बाजूला, तिथे वारा येतो.' खाली सोफ्याचा फोटो होता, खिडकीकडची उशी नीट लावलेली, आणि सर मधल्या जागेवर बसले असावेत, त्यांचा गुडघा तेवढा फोटोत आला होता.