आमची वाटचाल : खिळ्यावरचा फ्रॉक

आम्ही लहान मुलांचे कपडे शिवतो. आमच्या कटिंगच्या टेबलामागे खिळ्याला पहिल्या लॉटमधला एक फ्रॉक टांगलेला आहे. दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचं कापड, शिवणीत भरपूर माया (आत राखलेलं जादा कापड), घेराला दोन इंचांची दुमड. मुलगी उंच झाली की दुमड उसवायची आणि फ्रॉक पुढच्या वर्षीही घालायचा. तेव्हा आमच्याकडे दोन शिलाई मशिनं आणि कडा बांधणारं एक ओव्हरलॉक, एवढंच होतं.

मग मागणी वाढली आणि आम्ही एकेक गोष्ट ‘थोडीशी’ बदलत गेलो. इंटरलॉकऐवजी सिंगल जर्सी (एकेरी विणीचं कापड) घेतली, १८० जीएसएमची. पुढच्या हंगामात १६०, मग १४०. नवा नमुना आम्ही कायम मागच्या हंगामाच्या नमुन्याशी ताडून बघायचो, आणि वीस जीएसएमचा फरक बोटांना कळत नाही. इंचाला बारा टाके पडायचे ते आठ झाले, कारण लांब टाक्यात पीस लवकर उतरतो. माया निम्मी झाली. कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेल्या) सुताच्या जागी कार्डेड आलं. त्यात आखूड तंतू तसेच राहतात, म्हणून थोड्या वापरानंतर कापडावर गोळे येतात. मी प्रत्येक निर्णयावर स्वतः सही केली आहे.

स्टाइलचंही तसंच. छातीभर जाड प्लॅस्टिसोलचं (प्लॅस्टिकच्या शाईचं) चित्र तेव्हा हातोहात खपायचं. त्याखाली घाम कोंडतो आणि काही धुण्यांनंतर त्याला भेगा पडतात. मग मोठ्यांसारखे अंगाबरोबर बसणारे कट आले. बाळ पहिल्या वर्षातच साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, त्याला कसला स्लिम फिट! आता सगळीकडे मातकट, फिके रंग आहेत. ते बहुधा आईबापांच्या फोटोंसाठी असावेत, मुलांना अजून लालभडकच आवडतो.

जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. आमच्या सुरुवातीच्या टोप्यांना गळ्याशी नाड्या होत्या. घसरगुंडीत अडकून अशा नाडीचा फास बसू शकतो. युरोपच्या ईएन १४६८२ मानकानुसार सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी चालत नाही. आम्ही ती काढली, ते बरंच झालं. टोचणारं लेबल जाऊन मानेवर छापील माप आलं, तेही चांगलंच. लेगिंगमध्ये पाच टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) घातल्यावर गुडघ्याला फुगा येणं बरंच कमी झालं.

आमचे डोळे कटिंग मास्तरांनी उघडले. त्यांनी नवा फ्रॉक तीनदा धुतला आणि जुन्याशेजारी टांगला. कडेची शिवण फिरून पोटावर आली होती. सिंगल जर्सीत सुताचा पीळ सुटायला बघतो आणि कापड तिरकं होतं, त्याचा हा परिणाम. मास्तर एवढंच म्हणाले, “ताई, हा आपलाच का?”

तेव्हापासून नवा नमुना मागच्या हंगामाशी नाही, खिळ्यावरच्या फ्रॉकशी ताडतो, आणि तोही तीनदा धुतल्यावर. रोज घालायच्या कपड्यांना इंटरलॉक परत आलं, इंचाला टाके अकरा झाले. दोन इंचांची दुमड मात्र फक्त फ्रॉकना देतो. पँटच्या पायाला ती द्यायची तर मार्करवर, म्हणजे कटिंगच्या आखणीत, कापड पुरत नाही. त्यावर मास्तरांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.