छत्तीस टक्क्यांचा हिशेब

१३ मे २०२३ च्या शनिवारी सकाळी मी कोल्हापुरातील आमच्या दैनिकाच्या कार्यालयात नेहमीपेक्षा चार तास आधी पोहोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठीचा माझा लेख जवळजवळ लिहून तयार होता. कर्नाटकात सत्ताधारी भाजप हरणार, हा बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांचा अंदाज होता आणि त्यावर विसंबून मी आदल्या रात्रीच ‘नाराजीची लाट’ असे शीर्षक देऊन सातशे शब्द लिहून ठेवले होते. वृत्तपत्रात असे आगाऊ लेखन सर्रास होते. निकाल लागल्यावर त्यात फक्त आकडे भरायचे असतात.

कोल्हापूरच्या वृत्तपत्रांना कर्नाटकाची निवडणूक परराज्याची वाटत नाही. कागल ओलांडले की निपाणी लागते. तिथली तंबाखूची पेठ, तिथले सोयरसंबंध आणि दवाखान्यासाठी इकडे येणारी माणसे यांमुळे सीमेचा दगड फक्त टोलनाक्यापाशी जाणवतो. बेळगाव जिल्ह्यातील मराठी वाचकांसाठी आमची डाक आवृत्ती निघते आणि त्या पानांची जबाबदारी उपसंपादक म्हणून माझ्याकडे होती.

दुपारी एकपर्यंत चित्र स्पष्ट झाले. २२४ जागांपैकी काँग्रेस १३० च्या पुढे गेली होती, २०१८ मध्ये १०४ जागा जिंकलेला भाजप सत्तरीच्या आत आला होता आणि धर्मनिरपेक्ष जनता दल विशीच्या आसपास अडकला होता. मी लेखात आकडे भरून प्रत वृत्तसंपादकांपुढे ठेवली. त्यांनी तो संपूर्ण वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “लाट म्हणतेस, तर मतं किती कमी झाली ते कुठं लिहिलंस?”

मी ते पाहिलेच नव्हते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील पक्षनिहाय मतांचा तक्ता उघडला आणि २०१८ चा जुना अहवाल शेजारी ठेवला. मागच्या वेळी भाजपला ३६ टक्क्यांहून थोडी जास्त मते होती. या वेळीही ३६ टक्केच होती. संध्याकाळी एकूण बेरीज समोर आली, तेव्हा तर मतदारांची संख्या वाढल्यामुळे पक्षाची प्रत्यक्ष मते सुमारे १ कोटी ३३ लाखांवरून १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेलेली दिसली. ज्या पक्षाच्या जवळजवळ चाळीस जागा गेल्या, त्याला आधीपेक्षा अधिक लोकांनी मत दिले होते. माझ्या सातशे शब्दांपैकी निम्मे तिथेच निकामी झाले.

“मग मतं कुठनं आली ते शोध की,” एवढेच म्हणून साहेब दुसऱ्या पानाकडे वळले.

काँग्रेस ३८ वरून ४३ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती आणि जनता दल १८ वरून १३ वर घसरला होता. एकाची पाच टक्के वाढ आणि दुसऱ्याची पाच टक्के घट शेजारी ठेवली की उत्तर मिळाले असे वाटते, आणि मलाही पहिल्यांदा तसेच वाटले. दक्षिणेत ते बऱ्याच अंशी खरेही होते. मंड्या जिल्ह्यातील सातही जागा २०१८ मध्ये जनता दलाकडे होत्या. आता एक उरली आणि पाच काँग्रेसने घेतल्या. जुन्या म्हैसूर भागात भाजपची मते वाढली होती, परंतु ती जागा मिळण्याइतकी नव्हती. बंगळूर शहरात तर २८ पैकी १५ जागा जिंकून पक्ष काँग्रेसच्या पुढे राहिला होता.

याचा अर्थ दक्षिणेत मते वाढूनही एकूण टक्केवारी जागच्या जागी राहिली असेल, तर ती कुठेतरी घटलीही असली पाहिजे. ते ठिकाण आमच्या दाराशीच होते. बेळगावपासून हावेरीपर्यंतच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे ज्याला आपण जुन्या सवयीने मुंबई कर्नाटक म्हणतो त्या भागात, ५० जागा आहेत. भाजपकडे त्यांतील ३० होत्या, त्या १६ झाल्या. काँग्रेस १७ वरून ३३ वर गेली. बेळगाव जिल्ह्यात १८ पैकी १० जागा भाजपच्या होत्या, त्या सातवर आल्या. सरासरीचा आकडा स्थिर दिसत होता आणि त्याच्या पोटात एका भागातली मते जाऊन दुसऱ्या भागातली आली होती, तीही नको तिथे आली होती. मला ही गोष्ट तोपर्यंत सुचली नव्हती याची लाज वाटली, कारण २०१९ मध्ये महाराष्ट्रात १०५ जागा मिळवणाऱ्या याच पक्षाला कोल्हापूर जिल्ह्यातील दहापैकी एकही जागा मिळाली नव्हती आणि ती बातमी मीच लावली होती.

उत्तरेत मते का गेली, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण बेळगाव जिल्ह्यातील अथणीचे आहे. भाजपचे लक्ष्मण सवदी २०१८ मध्ये तिथे काँग्रेसच्या महेश कुमठळ्ळी यांच्याकडून हरले. पुढच्या वर्षी कुमठळ्ळी आणि त्यांच्यासारखे काँग्रेस-जनता दलाचे आमदार फुटले, भाजपचे सरकार आले आणि पराभूत सवदी उपमुख्यमंत्री झाले. २०२३ मध्ये पक्षाने उमेदवारी मात्र फुटून आलेल्या कुमठळ्ळींनाच दिली; सवदी काँग्रेसमध्ये गेले आणि सुमारे ७६ हजार मतांनी जिंकले. अर्थात प्रत्येक बंडखोराला लोकांनी डोक्यावर घेतले असे नाही. माजी मुख्यमंत्री आणि लिंगायत नेते जगदीश शेट्टर हेही उमेदवारी नाकारल्यावर काँग्रेसमध्ये गेले होते, आणि ते हुबळीत सपशेल हरले. मुख्यमंत्री येडियुराप्पांना २०२१ मध्ये पायउतार करून बोम्मईंना आणल्यामुळे लिंगायत समाजात नाराजी होती, असे माझ्या मूळ लेखात ठामपणे होते. शेट्टरांचा निकाल पाहून मी त्यातला ठामपणा काढला.

‘चाळीस टक्के कमिशन’ हा परिच्छेद मी ठेवला, परंतु आरोप हा शब्द जागोजागी घालून ठेवला. ठेकेदारांच्या संघटनेने २०२१ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून सरकारी कामांत चाळीस टक्के लाच मागितली जाते असा आरोप केला आणि २०२२ मध्ये बेळगावच्या एका ठेकेदाराच्या मृत्यूनंतर मंत्री ईश्वराप्पा यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे पोलिसांच्या अहवालाने त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगितले, पण तोपर्यंत तो आकडा लोकांच्या तोंडी बसला होता.

चारच्या सुमारास मी निपाणीच्या मावशीला फोन केला. सिलिंडर अकराशेच्या पुढे गेल्याचे गाऱ्हाणे तिने मागच्या दोन महिन्यांत मला चार वेळा ऐकवले होते. काँग्रेसने घरोघर वाटलेले हमीपत्र तिने देव्हाऱ्याच्या कप्प्यात जपून ठेवले होते. त्यावर सिद्धरामय्या आणि शिवकुमार यांच्या सह्या होत्या, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार आणि दोनशे युनिट वीज फुकट असे लिहिले होते. मत कुणाला दिलेस, असे मी विचारले.

“घड्याळाला गं. सगळी गल्ली घड्याळालाच की.”

निपाणीत राष्ट्रवादीचा उमेदवार दुसरा आला होता आणि काँग्रेसचा तिसरा. मंत्री शशिकला जोल्ले सुमारे सात हजारांनी वाचल्या होत्या, आणि दोघा विरोधकांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून कितीतरी जास्त होती. राज्यात जिथे विरोधी मत एकवटले तिथे सत्ताधारी पक्ष पडला आणि कोल्हापूरच्या सर्वांत जवळच्या मतदारसंघात ते फुटले म्हणून मंत्री निवडून आल्या. मी लेखाची सुरुवात निपाणीपासून केली आणि शीर्षकातली लाट काढून टाकली.

साडेदहाला डाक आवृत्तीची पाने सोडली. काँग्रेस १३६, भाजप ६५. बंगळूरच्या जयनगरमध्ये फेरमोजणी चालू असल्याचे मला माहीत होते, परंतु निपाणीची गाडी थांबत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास तो निकाल फिरला आणि भाजपचा उमेदवार १६ मतांनी विजयी ठरला. शहर आवृत्तीसाठी मी धावत जाऊन पहिल्या पानावर १३५ आणि ६६ केले. साहेबांनी पान पाहून मान हलवली आणि मी घरी गेले.

सकाळी नऊला त्यांचा फोन आला. सातव्या पानावरच्या माझ्या लेखात बंगळूरच्या भाजपच्या जागा अजून १५ होत्या. त्या १६ व्हायला हव्या होत्या. सोमवारच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती मीच लिहिली.