'मॅश', हशा बंद करून: चौथा सीझन संपला

मंडळी, कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या 'मॅश' या अमेरिकन विनोदी मालिकेचा चौथा सीझन बघून झाला. डीव्हीडीवर विनोदांमागे वाजणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या हशाशिवायचा आवाज निवडता येतो आणि या वेळी सगळे भाग मी तसेच बघतोय. मालिका पार बदलते. मुख्य पात्र असलेल्या सर्जन हॉकायची बडबड मग आपल्याला हसवण्यासाठी वाटत नाही. रात्रभर उभं राहून टाके घालणारा माणूस स्वतःला शाबूत ठेवायला बोलतोय, असं वाटतं.

मालिकेचे मुख्य लेखक लॅरी गेलबार्ट यांना हा हशा मुळातच नको होता. सीबीएस वाहिनी हटून बसली. शेवटी तडजोड झाली ती एवढीच, की ऑपरेशन चालू असताना हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने मात्र मालिका हशाविनाच दाखवली. तिसऱ्या सीझनमधला 'ओ. आर.' हा भाग तर अख्खा ऑपरेशन थिएटरमध्येच घडतो, त्यामुळे तिथे कोणालाच हशा ऐकू आला नाही.

त्याच सीझनचा शेवट, मार्च १९७५. मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडत होते, म्हणून त्यांचं पात्र, रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्लेक, घरी निघतो. पटकथेचं शेवटचं पान बहुतेक नटांपासून लपवून ठेवलं होतं. हॉकाय साकारणाऱ्या ॲलन आल्डांना तेवढं ठाऊक होतं. बाकीचं शूटिंग उरकल्यावर ते पान सगळ्यांना मिळालं. रुग्णालयाचा कारकून रडार मास्क न लावता ऑपरेशन थिएटरमध्ये येतो आणि निरोप वाचतो: ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणीही वाचलं नाही. तांत्रिक अडचणीमुळे प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागला, आणि दुसऱ्या टेकमध्ये कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडलं. ते ठरवून केलेलं नव्हतं, पण तसंच ठेवलं. हेडफोन लावून ऐका. इतका खरा आवाज अख्ख्या मालिकेत दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

चौथ्या सीझनचा शेवटचा भाग, 'द इंटरव्ह्यू', कृष्णधवल आहे. त्यात मुलाखती घेणारे क्लीट रॉबर्ट्स प्रत्यक्षात युद्धवार्ताहर होते आणि नटांची बरीचशी उत्तरं उत्स्फूर्त आहेत. थंडीत जखमेतून वाफ निघते आणि डॉक्टर तिच्यावर हात शेकतात, हे रुग्णालयाचे धर्मगुरू फादर मल्काही सांगतात तेव्हा मी थांबून तेवढंच पुन्हा लावलं.

गेलबार्ट इथून बाहेर पडले, पुढच्या सीझनमध्ये लिखाणाचा पोत बदलतो. म्हणून पाचव्यातले काही भाग दोन्ही आवाजांत लावून बघणार आहे. कोणते निवडावेत, सुचवा.