टोपीतल्या तीन पट्ट्या

रविवार, रात्री साडेनऊ

आज कुणाच्या द्राक्षबागेत जायचं नव्हतं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सगळीकडची उरकलीय, फवारणीचं वेळापत्रक कालच सगळ्या बागवाल्यांना पाठवलं. सकाळचा चहा झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि माझी फेल्टची हॅट उलटी करून समोर ठेवली. तीन आठवडे झाले, ती कपाळाला चावतेय. दिंडोरीहून घरी येईपर्यंत भुवयांच्या वर आडवा लाल वळ उठतो.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, आता नवी घे. बारा वर्षं झाली म्हणे. पण देवळाली कॅम्पात घेतली तेव्हापासून प्रत्येक हंगामात हीच डोक्यावर आहे. पिंपळगावच्या बाजूला लोकांना माझं नाव आठवत नाही, ‘टोपीवाल्या ताई’ आठवतात. मांडवाच्या तारांना घासून घासून तिचा काठ मऊ पडलाय, पुढची चिमटीची जागा काळपट झालीय. ती बिघडली हे मला पटतच नव्हतं. आणि ते बरोबरच निघालं, म्हणजे निम्मं तरी.

मागच्या वर्षी जुलैत टायफॉइड झाला. ताप गेला, अंगात ताकद आली, कामाला लागले, आणि मग सप्टेंबरअखेर केस जायला लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, पुन्हा येतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. तरी न्हाणीघराच्या जाळीवरचा तो पुंजका रोज उचलताना हात थांबायचा. त्याच दिवसांत हॅट सैल झाली. वाकून घड बघायला गेलं की भुवयांवर उतरायची. एका बागेत वाऱ्याने उडून थेट ओळीत गेली, तेव्हा बागवाले दादा धावत जाऊन घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, मोठी टोपी घेतली काय या वेळी?” मी हो म्हटलं. खरं सांगायची त्या दिवशी तयारी नव्हती.

घरी येऊन लेकीच्या क्राफ्टच्या सामानातली फेल्टची शीट घेतली आणि दीड सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या कापल्या. हॅटच्या आत चामड्याची पट्टी असते ना, घाम टिपणारी, तिची फक्त खालची कड शिवलेली असते. वरची मोकळी कड बाहेर उलटली की तिच्यामागे खाच मिळते. दोन पट्ट्या दोन्ही कानशिलांशी, एक मागे. हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीची पट्टी आतून पूर्ण गोल फिरवली तर घेर सहा मिलिमीटरनी कमी होतो, कारण जाडी त्रिज्येत जाते आणि त्रिज्येला 2π ने, म्हणजे साधारण सव्वासहाने, गुणायचं. म्हणजे केसांचा थर एक मिलिमीटरनी पातळ झाला की डोक्याचा घेरही तसाच सहा मिलिमीटरनी उतरतो. एरवी आपण म्हणू की केसांनी असा काय फरक पडणार. पडतो. जवळजवळ एका मापाचं दुसरं माप होतं.

तर आज आधी पट्ट्या काढल्या. मागच्या पट्टीला एक लांब केस अडकलेला होता, मागच्या वर्षीचा. तो तसाच राहू दिला आणि पट्ट्या सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्या. मग डोकं मोजलं. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या बोटभर वरून आणि मागच्या उंचवट्यावरून न्यायची, जिथे हॅट प्रत्यक्ष बसते तिथूनच. तीनदा मोजलं. ५८ सेंटिमीटरला दोन मिलिमीटर कमी. वर्षभरात महिन्याला साधारण सेंटिमीटरभर या हिशेबाने केस परत आलेत, आणि दाट आलेत. हॅटच्या आतला छाप ५८ चाच आहे. म्हणजे आता ती बसायला हवी होती.

बसली नाही. कागदाची लांब पट्टी आतून चामड्याला टेकवून फिरवली, जिथे टोकं जुळली तिथे खूण केली, मोजली. ५७. हॅट एका सेंटिमीटरने आखडली होती, आणि हा दोष तिचा नाही. पूर्ण एप्रिल, खरड छाटणीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर वेल मागे छाटायच्या धावपळीत, ती मी गाडीच्या मागच्या काचेखाली टाकत होते. घामाने ओलं झालेलं चामडं तापलं की आकसतं आणि कडक होतं. घामातलं मीठ त्याला आणखी कोरडं करतं. आणि आकसलेलं चामडं फेल्टलाही आत ओढतं. फेल्ट विणलेला नसतो, नमद्यासारखा दाबून एकजीव केलेला असतो, तेव्हा ऊब आणि ओल मिळाली की तोही मुकाट्याने घट्ट होतो.

मागच्या रविवारी मी एक चूक केली होती. स्टीलचा गोल डबा बरोबर मापाचा वाटला म्हणून हॅट त्याच्यावर रात्रभर दाबून ठेवली. सकाळी कानांच्या बाजूला फट आणि कपाळाला आधीपेक्षा जास्त काच. माणसाचं डोकं गोल नसतं, लांबट असतं. घेर तोच ठेवून गोल केलं की पुढून-मागून आवळतं. हे मला सुचायला हवं होतं.

आज रीतीने केलं. चामड्याची पट्टी पूर्ण बाहेर उलटली, म्हणजे तिला वाफ लागणार नाही. किटलीतल्या पाण्याला चांगली उकळी आणून तोटीपासून वीतभर अंतरावर फेल्टची खालची कड फिरवत राहिले, एका जागी थांबायचं नाही. फेल्ट हाताला मऊ, ओलसर आणि जड लागायला लागतो, एखाद्या गरम घडीच्या पोळीसारखा. मग गॅस बंद. चामडं मात्र साध्या गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसलं, तीनदा, दर वेळी फडक्यावर तपकिरी डाग. मीठ निघालं. मग पट्टी आत घातली आणि हॅट सरळ डोक्यावर, भुवयांच्या वर जितकी हवी तितकीच खाली. माझ्या डोक्याच्या आकाराचा दुसरा साचा कुठून आणणार?

दोन तास तशीच घरात वावरले. भाजी निवडली, फोन घेतले. आई जेवायला बसताना म्हणाली, “अगं, पानावर तरी डोक्यावरचं काढ.” मग तिला हळूहळू सगळं सांगितलं, केसांचंसुद्धा. मागच्या वर्षी ती पुण्याला भावाकडे होती, तिला मी फोनवर काहीच बोलले नव्हते. तिने हॅटच्या खाली बोट घालून कपाळाजवळचे नवे आखूड केस चाचपले. मग म्हणाली, राहू दे, वाळेपर्यंत राहू दे.

मागे एका ठिकाणी पट्टीची शिवण उसवली आहे. ती मंगळवारी भद्रकालीत चपला शिवणाऱ्या काकांकडे नेईन. मागे एकदा त्यांनीच सांगितलं होतं, “मॅडम, जुन्याच भोकांतून दोरा जाऊ द्या. नवी भोकं पाडली की चामडं तिथून तिकिटासारखं फाटतं.” ते वाकडी सुई वापरतात, वेळ लागतो, पण मी बसून राहते.

चारच्या सुमारास काढली तेव्हा वळ नव्हता. एक बोट आत जात होतं, दोन नाही. तेवढंच हवं. पुन्हा मोजली, ५८ ला थोडी कमी.

आता टेबलावर आहे, डोक्याची बाजू खाली, काठ हवेत, चामडं बाहेर उलटलेलं. काठावर ठेवली की काठ सपाट होतो, आणि खुंटीला अडकवली की वर फोड आल्यासारखा उंचवटा येतो. गाडीसाठी जुन्या कापडी पिशवीची व्यवस्था केलीय, सीटखाली, सावलीत. निफाडकडे पहाटे गारवा सुरू झालाय, कोरडी हवा आहे, रात्रीत चामडं परत आखडू शकतं. सकाळी सहाला निघायच्या आधी कागदाची पट्टी फिरवून बघायची. ती टेपशेजारीच ठेवलीय.