स्लो कुकरमध्ये सफरचंदाचा गर: पाणी अर्धी वाटी, बास

अ‍ॅपलसॉस म्हटलं की डोळ्यांपुढे टोमॅटो सॉसची बाटली येते, पण हा प्रकार वेगळा आहे. सफरचंद स्वतःच्याच रसात मऊ शिजवायचं आणि घोटायचं, एवढाच तो. पुरण जमणाऱ्या घरात तो न जमायचं काही कारण नाही. फरक एकच: पुरणाची डाळ शिजली की येळवणी काढतात, इथे येळवणी निघाली म्हणजे चुकलंच. बहुतेकांचा गर बिघडतो तो जास्तीच्या पाण्याने, म्हणून आधी तेवढं सांगून ठेवतो.

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. गॅसवरच्या पातेल्यात त्यातलं बरंच वाफ होऊन उडून जातं. स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं; त्याच्या झाकणाला मात्र वाफ लागते, तिथेच तिचं पाणी होतं आणि परत भांड्यात पडतं. त्यामुळे २ किलो सफरचंदांना अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली पाणी पुरतं. तेही फक्त सुरुवातीला, फोडींना रस सुटेपर्यंत तळाशी ओल राहावी म्हणून. पहिल्या तासाभरात फोडी कोरड्या दिसतात आणि हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. जाऊ देऊ नका.

आता फळ. आपल्याकडे जुलै-ऑगस्टपासून हिमाचलचा माल येतो आणि सप्टेंबरनंतर काश्मीरचा. नवरात्र ते दिवाळी हा या गरासाठी सगळ्यात चांगला काळ. फाल्गुन-चैत्रात मिळणारं फळ बहुधा शीतगृहातलं असतं. ते दिसायला चकचकीत असलं तरी त्यातलं आम्ल कमी झालेलं असतं, गर भुसभुशीत असतो आणि शिजल्यावर तोंडात रवाळ लागतो. लाल डिलिशियस गोड असतं पण त्याला आंबटपणा नाही, त्यामुळे नुसत्या त्याचा गर मिळमिळीत होतो. पिवळं गोल्डन डिलिशियस मिळालं तर उत्तम, ते पटकन विरघळतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ महाग असतं, पण २ किलोत दोन-तीन फळं मिसळली तरी चव उभी राहते. दोन्ही मिळालं नाही तर लिंबू वाढवायचं, बाकी काही नाही.

गाड्यावर डागी सफरचंद स्वस्त मिळतं आणि गरासाठी ते चालतं, पण डागाडागात फरक आहे. आपटून तपकिरी झालेला भाग कापून टाकला की झालं. सडलेला, बुरशीचा ठिपका आलेला भाग असेल तर मात्र अख्खं फळच टाकून द्या. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं आणि ते शिजवल्याने जात नाही. ‘शिजतंय ना, चालतंय’ हा हिशेब इथे लागू नाही.

साडेतीन लिटरच्या कुकरला माप असं: मध्यम सफरचंद २ किलो (दहा-बारा नग), पाणी १०० मिली, एक मोठं किंवा दोन लहान कागदी लिंबं, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, चिमूटभर मीठ. साखर आत्ता नाही. सालं आणि बियांचा गाभा काढल्यावर साधारण दीड किलो फोडी उरतात आणि शेवटी सव्वा लिटरच्या आसपास गर निघतो. भांडं निम्म्याच्या वर भरलेलं पाहिजे. अर्धा किलो फोडींसाठी एवढा मोठा कुकर लावला तर या कुकरची आच भांड्याच्या बाजूंनी येत असल्याने कडा करपतात.

फळाला मेण लावलेलं असेल तर नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघते. तसं असेल तर साल काढूनच टाका. मेण नसेल तर साल ठेवायला हरकत नाही. सालीजवळ पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे गर दाट होतो आणि लाल सालीचा गुलाबीसर रंगही उतरतो. मग ती साल काढायची कशी? पुरणयंत्राने. परदेशी कृतींमध्ये ज्याला फूड मिल म्हणतात, ते यंत्र आपल्या माळ्यावर पडलेलंच असतं. बारीक भोकांची चकती लावा, गर खाली पडतो आणि साल वर राहते. बिया मात्र शिजवण्याआधीच काढायच्या. त्या चिरडल्या की कडवटपणा येतो.

फोडी इंचभराच्या आणि शक्यतो सारख्या करा. पातळ चकत्या आधी विरघळून जातात आणि जाड तुकडे तसेच राहतात. चिरता चिरताच लिंबाचा रस चोळत जा. कापलेलं सफरचंद हवेने काळं पडतं, आम्ल ती क्रिया मंदावतं आणि पुढे उष्णता ती बंदच करते. म्हणून दोन किलो फोडी चिरून तासभर तशाच ठेवण्यात अर्थ नाही. चिरल्या की लगेच कुकरमध्ये.

हाय वर साडेतीन ते चार तास, लो वर सहा ते सात तास. दोन्ही बटणांवर शेवटचं तापमान उकळीच्या जरा खालीच असतं, फरक फक्त तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. लो वर चव जास्त मुरते. चुलीच्या वैलावर दूध जसं निवांत तापत राहतं, तसंच हे. झाकण सारखं उघडून पाहू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. निम्म्या वेळेला एकदाच लाकडी चमच्याने तळापासून ढवळलं की पुरे. विजेची काळजी नको: अडीचशे वॅटचा कुकर चार तास चालला तर एक युनिट जळतं.

खरी काळजी लाईट जाण्याची. फिरवायच्या बटणाचा कुकर लाईट आली की आपोआप पुन्हा सुरू होतो. डिजिटल पट्टीचे बरेचसे कुकर मात्र बंदच राहतात आणि आपल्याला वाटतं शिजतंय. आपल्याकडे घ्यायचा तर बटणाचाच घ्या. अर्धा-पाऊण तास लाईट गेली तर झाकणाला हात लावू नका, जाड भांडं उष्णता धरून ठेवतं. त्याहून जास्त वेळ गेली आणि फोडी अजून कच्च्या असतील तर सगळं स्टीलच्या पातेल्यात काढून मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटांत उरका. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात नको. फळाच्या आंबटाने गराला धातूची चव येते. आणि कुकरच्या गरम भांड्यावर गार पाणी सोडू नका, आतलं मातीचं भांडं तडकतं.

फोड चमच्याच्या पाठीने दाबली की विरघळली पाहिजे. आता दालचिनी काढा. जाडाभरडा हवा असेल तर रवीने घोटा, एकसारखा हवा असेल तर पुरणयंत्र. मिक्सर शेवटचा पर्याय. त्यात हवा शिरते, गर फेसाळतो आणि लवकर तपकिरी होतो. लावायचाच असेल तर गार झाल्यावर, थांबून थांबून.

गोडी आत्ता बघायची. चांगल्या काश्मिरी फळाला साखर लागतच नाही. लागली तर दोन-तीन चमचे. गुळाचा मोह होतो, आणि आपल्याकडे गुळाला काय तोटा? पण गूळ घातला की रंग काळपट होतो आणि सफरचंद मागे पडतं. मग ते गुळाचंच काहीतरी लागतं.

पातळ झालंच असेल तर घाबरू नका. झाकणाखाली कडेला लाकडी चमचा आडवा टाकून फट ठेवा आणि हाय वर आणखी तासभर चालू द्या. हेच आणखी चार-पाच तास चालू ठेवलं, अधूनमधून ढवळत राहिलं, तर तांबूस, दाट, चमच्यावर थांबणारा लगदा होतो. त्याला अ‍ॅपल बटर म्हणतात, लोणी त्यात थेंबभरही नसतं. शिळ्या दशमीवर ते साखरांब्याच्या तोडीस तोड लागतं.

फ्रीजमध्ये, कोरड्या काचेच्या बरणीत, गर सात-आठ दिवस टिकतो. फ्रीझरमध्ये वाटी-वाटीचे डबे केले तर सहा महिने, फक्त डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर गर फुगतो. बाहेर ठेवायची बरणी करायची असेल तर खास त्यासाठीच्या झाकणांच्या बरण्या लागतात. गर उकळता भरायचा, वर बोटभर जागा सोडायची आणि बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. अर्धा लिटरच्या बरणीला समुद्रकाठी १५ मिनिटं सांगतात, पण मराठवाड्याचं पठार उंचावर असल्याने पाणी कमी तापमानाला उकळतं, इथे २० मिनिटं द्या. लोणच्याच्या जुन्या बरणीत भरून फडताळात ठेवणं म्हणजे आंबवणंच.

लहान बाळासाठी करत असाल तर मीठ, साखर, दालचिनी तिन्ही वगळा आणि गर यंत्रातून दोनदा काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही घालायचा नाही. उपवासाला राजगिऱ्याच्या थालीपिठाबरोबर हा गर छान जातो, मीठ तेवढं सैंधव.

याच रीतीने पेरू होतो. बिया पुरणयंत्रात वर राहतात, पाणी मात्र एक वाटी लागतं कारण पेरूला रस उशिरा सुटतो. सीताफळ मात्र कुकरमध्ये घालू नका. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बालाघाटच्या डोंगरात ते मुबलक, त्यामुळे करून बघावंसं वाटणारच. पण सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, आणि एकदा कडू झाला की साखरेनेही सुधारत नाही. तो कच्चाच, बिया काढून, लिंबाचे चार थेंब टाकून थेट फ्रीझरमध्ये.