अहिराणी शब्दसाठा: एरर ३१९७ आणि हरवलेला 'घट्या'

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की शब्द भरायचा नवा फॉर्म बसला की खानदेशातल्या अहिराणी बोलीच्या माझ्या शब्दसाठ्यातला 'क' ते 'घ' हा भाग संपेल. तो अजून संपलेला नाही. गेले दहा दिवस एकही नवा शब्द घातला नाही, होते ते वाचवण्यातच गेले. आपल्यातले बरेच जण मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये असेच घरगुती साठे सांभाळतात, म्हणून काय झालं ते सविस्तर लिहितो.

आधी मांडणी सांगतो. साठा ॲक्सेस २०१६मध्ये आहे आणि दोन फाइलींत विभागलेला आहे. मागच्या फाइलीत फक्त तक्ते, पुढच्या फाइलीत फॉर्म, क्वेरी (तक्त्यांकडून हवी ती माहिती मागण्याच्या आज्ञा) आणि कोड. मागची फाइल अमळनेरच्या घरी आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर असते. पुतण्या त्याच्या लॅपटॉपवरून, शेअर केलेल्या फोल्डरमधून, तिच्यातच भर घालतो. मुख्य तक्त्यात ११,४८२ शब्द आहेत. शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं वय, 'शेवटचा बदल' ही वेळ, आणि 'विवरण' नावाचा लाँग टेक्स्टचा, म्हणजे लांब मजकुराचा, रकाना. १९०७ साली निघालेल्या भाषिक सर्वेक्षणाच्या खंडात 'खानदेशी'ची नोंद आहे, तिच्याशी जुळणाऱ्या शब्दांना वेगळी खूण आहे. पण माझ्या दृष्टीने सगळा जीव त्या 'विवरण' रकान्यातच आहे. शब्दाचा अर्थ कुणीही एका ओळीत देईल. तो शब्द कोणत्या कामात, कोणत्या सणाला, कुणाच्या तोंडी येतो ते तिथे आहे.

गुरुवारी सकाळी 'घ'चे शब्द तपासत होतो. 'घट्या'वर आलो, म्हणजे आपलं जातं, आणि फॉर्मच्या प्रत्येक चौकटीत हॅशच्या खुणेसह 'डिलीटेड' उमटलं. पुढे गेलो तर बाकीचे शब्द नीट. परत मागे आलो, तेच. पोटात गोळा आला.

पहिला संशय माझ्याच कोडवर गेला, कारण त्याच आठवड्यात मी फॉर्मच्या 'बिफोर अपडेट'मध्ये, म्हणजे नोंद साठवण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, बदल केला होता. तिथे 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ होती, म्हणजे एरर आली तरी न सांगता पुढे जा. ती काढली तशी खरी एरर समोर आली: ३१९७. तिचा मजकूर असा की तुम्ही आणि दुसरा कुणीतरी एकाच वेळी तीच माहिती बदलायचा प्रयत्न करताय. घरात मी एकटा होतो आणि लॅपटॉप बंद होता. एरर जे सांगते ते शब्दशः घ्यायचं नसतं हे तिथेच कळायला हवं होतं. लाँग टेक्स्ट बिघडला की ॲक्सेस पुष्कळदा हीच ३१९७ दाखवतं.

पण मी कोडमध्येच शोधत राहिलो, आणि त्याला एक कारणही होतं. चालता कोड अशा एका ओळीवर थांबायचा जिथे मी ब्रेकपॉइंट, म्हणजे तपासणीसाठीचा थांबा, लावलेलाच नव्हता. सगळे ब्रेकपॉइंट पुसले, ॲक्सेस बंद करून पुन्हा उघडलं, तरी त्याच ओळीवर मुक्काम. हा प्रकार तुमच्याकडे झाला तर घाबरू नका. व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसची कोड लिहायची भाषा, आपण लिहिलेला मजकूर एका जागी ठेवतं आणि त्याचं तयार केलेलं रूप दुसऱ्या जागी. या दोघांचा मेळ सुटला की असे भुताटकीचे थांबे येतात. पुढच्या फाइलीची प्रत घेऊन ॲक्सेस 'डीकंपाइल' या स्विचसह उघडायचं. उघडताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे सुरुवातीचा कोड आपोआप चालत नाही. मग डीबग मेनूतून सगळा कोड पुन्हा कंपाइल करायचा आणि शेवटी फाइल कॉम्पॅक्ट करायची, म्हणजे आतली वाया गेलेली जागा काढून ती आवळायची. थांबे गेले. ३१९७ मात्र तिथेच.

यात माझे दोन दिवस गेले. शनिवारी जे केलं ते गुरुवारीच करायला हवं होतं: फॉर्म नाही, कोड नाही, थेट तक्त्यावर साधी क्वेरी. तीच एरर. म्हणजे कोड निर्दोष आणि दुखणं मागच्या फाइलीत. एरर आली की आधी तक्ता उघडून बघायचा हा नियम आता मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे.

मागच्या फाइलीला हात लावण्याआधी दोन्ही कॉम्प्युटरवर ॲक्सेस बंद केलं. फोल्डरमधली लॉक फाइल गेली की नाही ते पाहिलं. ती असेपर्यंत कुणीतरी आत आहे असं धरायचं, आणि सगळं बंद असूनही राहिली असेल तर मागचं बंद होणं नीट झालं नव्हतं असं समजायचं. मग फाइलीच्या दोन प्रती घेतल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर, नावात तारीख घालून. पेनड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करूनच काढला. शिरपूरच्या एका मित्राने केळीच्या बागेच्या हिशोबाचा पेनड्राइव्ह घाईत ओढला होता. त्याची फाइल नंतर ३३४३, म्हणजे फाइलीचा प्रकारच ओळखू येत नाही, ही एरर देऊन उघडेनाच. फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिली. चांगल्या फाइलीत पहिल्या चार बाइटनंतर 'स्टँडर्ड ए-सी-ई डी-बी' ही अक्षरं स्पष्ट दिसतात. त्याच्या फाइलीत तिथे नुसती शून्यं होती, खालीही पानंच्या पानं शून्यं. त्यातून काहीच हाती लागलं नाही.

आता प्रतीवर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवलं. एररशिवाय पूर्ण झालं, 'घट्या'चा डिलीटेड नाहीसा झाला, आणि मला हायसं वाटलं. सवयीने नोंदी मोजल्या: ११,४७९. तीन कमी. आणि 'घट्या' हा शब्दच यादीत नव्हता. दुरुस्ती म्हणजे वाचता न आलेल्या ओळी उचलून बाहेर टाकणं, असा त्याचा अर्थ निघाला. हेच बटण मी मूळ फाइलीवर दाबलं असतं तर तीन शब्द गेलेच असते, शिवाय कोणते तीन गेले हेही कधी कळलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की बंद होताना आपोआप कॉम्पॅक्ट करण्याचा पर्याय कुणी चालू ठेवू नये. दुरुस्ती नेहमी आपल्या डोळ्यांसमोर, प्रतीवर, आधी-नंतर मोजूनच करावी.

गेलेले तीन शोधणं सोपं निघालं. मूळ फाइलीची दुसरी प्रत आणि कॉम्पॅक्ट झालेली प्रत, दोन्हींचे तक्ते एका रिकाम्या फाइलीत लिंक केले आणि 'अनमॅच्ड' क्वेरी चालवली, म्हणजे एकात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा ओळी दाखवणारी. क्वेरीत 'विवरण' रकाना मुद्दाम घेतला नाही. तीन ओळी आल्या: घट्या, खापर, रोट. शब्द, अर्थ, गाव, वेळ, सगळं शाबूत. खापर म्हणजे ज्यावर मांडे भाजतात ते, आणि रोट कानबाईच्या सणाचे. ते तीन शब्द पुन्हा पाहून डोळ्यात पाणी आलं.

हे असं का होतं ते थोडं सांगतो. ॲक्सेसची फाइल ४,०९६ बाइटच्या पानांत विभागलेली असते. आखूड मजकूर, जास्तीत जास्त २५५ अक्षरं, ओळीबरोबरच राहतो. लांब मजकूर वेगळ्या पानांवर जातो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता राहतो. पत्ता किंवा ते पान बिघडलं की पूर्ण ओळ मागताच एरर येते, पण लांब रकाना सोडून मागितलं तर बाकीचं मिळतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणजे एका पानावर जेमतेम दोन हजार चिन्हं मावतात. छोटी विवरणं मात्र एकाच पानावर शेजारी शेजारी बसू शकतात. तीन शब्द एकदम गेले ते त्यामुळेच असावेत, असा माझा अंदाज आहे.

मग नवी कोरी फाइल उघडली. तक्त्यांची फक्त रचना आयात केली आणि डेटा अपेंड क्वेरीने, म्हणजे एका तक्त्यातल्या ओळी दुसऱ्याला जोडणाऱ्या क्वेरीने, आणला. ते तीन क्रमांक वगळून सगळं पूर्ण, आणि त्या तिघांचे फक्त आखूड रकाने. अपेंड क्वेरीत ऑटोनंबरचे, म्हणजे ॲक्सेसने आपोआप दिलेले, जुने क्रमांक जसेच्या तसे घालता येतात, म्हणून बाकीच्या तक्त्यांशी असलेली नाती तुटली नाहीत. मोजलं: ११,४८२.

वाटेत एक जुना घोळही मिटवला. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी लिहिली की नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि मेसेज बॉक्सही देवनागरी दाखवत नाही. आतापर्यंत मी कोडमध्ये अक्षरांचे क्रमांक लिहायचो, 'क'साठी २३२५. ते वाचताना चूक सापडणं कठीण जायचं. आता सगळे संदेश एका तक्त्यात ठेवले आहेत आणि ते छोट्या फॉर्मवर दिसतात.

कारण सापडलं ते 'शेवटचा बदल' या रकान्यामुळे. तिन्ही ओळींची वेळ बुधवार संध्याकाळची होती, घट्याची सगळ्यात शेवटची, ७ वाजून ४१ मिनिटं. पुतण्याला बोलावून विचारलं, "बुधवारी यावेळी कुठे बसला होतास?"

"ओट्यावर, काका. लाईट गयी व्हती ना तवय."

लाईट गेली खरी, पण डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप बॅटरीवर. दोन्ही चालूच होते. मग उठून ओसरीत गेलो आणि भिंतीवरच्या राउटरकडे पाहिलं. तो साध्या प्लगवर होता. लाईट जाताच दोन्ही टोकं जिवंत आणि मधला दुवाच मेलेला, तेही नोंद लिहिली जात असताना. नेटवर्क तुटल्याचा संदेश त्याला आला होता. त्याने ॲक्सेस बंद करून उघडलं, पुढचे शब्द नीट दिसले, म्हणून मला सांगितलं नाही. त्याला मी काही बोललो नाही. संदेशात जे लिहिलं होतं तेच त्याने केलं होतं. वायफायवरून सामायिक ॲक्सेस फाइलीत लिहू नये हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ते चालू दिलं. मे महिन्यात आतल्या खोलीत बसवत नाही म्हणून तो ओट्यावर बसायचा.

आता ओसरीपर्यंत केबल ओढली आहे आणि राउटर यूपीएसवर घेतला आहे. तरीही तो सध्या त्याच्या लॅपटॉपवरच्या स्वतंत्र फाइलीत शब्द घालतो आणि रात्री मी ते मुख्य तक्त्यात अपेंड करतो. ही पद्धत मला केबलपेक्षाही जास्त भरवशाची वाटते.

विवरणांचं म्हणाल तर 'खापर' रविवारच्या बॅकअपमध्ये थोडं जुन्या रूपात मिळालं. 'रोट' पुतण्याच्या वहीत होता. 'घट्या' कुठेच नव्हता. बुधवारी तो मोठमायशी फोनवर बोलत बोलत थेट टाइप करत होता, कागदावर एक अक्षरही नव्हतं.

परवा आम्ही दोघं पारोळ्याजवळच्या गावी तिच्याकडे गेलो. वही नेली. तिने आम्हाला मागच्या पडवीत नेलं, पोत्याखालून घट्याची वरची तळी दाखवली आणि तिच्यावरून हात फिरवत सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोनवर न सांगितलेली एक गोष्टही निघाली. घट्याला नवी टाकी लावली, म्हणजे दगड टोचून पुन्हा खरबरीत केला, की पहिलं दळण दादरचं (ज्वारीचं) नाही करायचं. आधी कोंडा दळायचा, म्हणजे दगडाची कच त्यात निघून जाते. पुतण्या ऐकता ऐकता थांबला, तशी ती त्याच्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "लिखी ले, भो."

रात्री घरी येऊन ते विवरण भरलं. साठवलं, फाइल बंद केली, पुन्हा उघडली, 'घट्या'वर गेलो. सगळं दिसतंय. आजपासून 'च' सुरू.