मारिनाबाई आणि आमची रात्रशाळा

आमच्या वर्गात सगळे दिवसभर राबून येणारे. कुणी विशीतला, कुणी पस्तिशी ओलांडलेला. "आता या वयात शिकून काय करणार?" हे प्रत्येकानं ऐकलेलं. २००८ च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि भूगोलाच्या सरांनी ब्राझील शिकवायला घेतला. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण काढलं. तिथल्या पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा यांनी मे महिन्यात राजीनामा दिला होता. सर म्हणाले, "या बाईंना सोळाव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं." मागच्या बाकांवरची पेंग उडाली. त्या दिवसापासून वर्गात त्या 'मारिनाबाई' झाल्या.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, पार पश्चिमेला, आक्रे नावाचं राज्य आहे. तिथल्या रबराच्या रानात १९५८ साली त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडं, त्यातली आठच जगली. झाडाला खाचा पाडायच्या, चीक गोळा करायचा, हेच बालपण. मलेरिया झाला, कावीळ झाली. सोळाव्या वर्षी औषधपाण्यासाठी रियो ब्रांको शहरात आल्या. नन व्हायचं म्हणून मठात राहिल्या, लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं, प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातलं. १९८४ मध्ये इतिहासाची पदवी! दहा वर्षांत पाटीपासून पदवीपर्यंत. दहावीचं बीजगणित सुटता सुटत नव्हतं अशा आम्हाला हे ऐकून हुरूप आला की धडकी भरली, सांगता येत नाही.

चिको मेंडेस हे रबर कामगारांचे पुढारी. त्यांच्यासोबत मारिनाबाईंनी कामगार संघटना बांधली. करवती घेऊन तोडणारे आले की बायकापोरांसह सगळे पुढे उभे राहायचे. १९८८ च्या डिसेंबरात मेंडेस यांची हत्या झाली. त्याच वर्षी बाई नगरसेविका झाल्या होत्या. १९९४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी सेनेटवर निवडून आल्या आणि २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी त्यांना मंत्री केलं.

इथून पुढचा भाग मला खरा कळला तो पतसंस्थेच्या कर्ज विभागात लागल्यावर. जंगल वाचवणारे पुढारी म्हटले की आपल्याला मोर्चे आणि भाषणं आठवतात. बाईंचं मोठं काम मात्र कागदावरचं आहे. २००४ मध्ये त्यांनी जंगलतोड रोखण्याची योजना आणली. उपग्रहाच्या चित्रांवरून तोड कुठे चालली आहे ते लवकर कळू लागलं, तपासणी पथकं नेमक्या जागी जाऊ लागली. २००८ मध्ये सर्वाधिक तोडीच्या तालुक्यांची यादी जाहीर झाली, आणि अ‍ॅमेझॉनमध्ये शेतीकर्ज हवं तर पर्यावरणाचे कागद दाखवा, असा नियम आला. कर्ज अडलं की भलेभले ताळ्यावर येतात, हे मी रोज बघतो. २००४ मध्ये वर्षाला सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटत होतं, ते २०१२ मध्ये ४,६०० च्या आत आलं. श्रेय एकट्या बाईंचं नाही, पण घडी त्यांनी बसवली.

तोवर त्या मंत्रिपदावर नव्हत्या. मदेरा नदीवरच्या धरणांवरून आणि बड्या शेतीवाल्यांशी खटके उडत होते. अ‍ॅमेझॉनच्या विकासाची योजना दुसऱ्या मंत्र्याकडे गेली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली. नंतर तीनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी लढल्या. २०१० मध्ये जवळपास दोन कोटी मतं, २०१८ मध्ये जेमतेम एक टक्का.

सरांच्या लेखी त्यांचा सगळ्यात मोठा क्षण म्हणजे तो राजीनामा. मला तसं वाटत नाही. २०२३ मध्ये त्याच लुलांच्या मंत्रिमंडळात, त्याच खात्यावर त्या परत आल्या. काही महिन्यांतच संसदेनं खात्याचे अधिकार छाटले, तरी त्या टिकून राहिल्या. २०२४ मध्ये तोड ६,३०० चौरस किलोमीटरच्या आत आली. अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळ तेल शोधायला २०२३ मध्ये नाकारलेला परवाना २०२५ च्या ऑक्टोबरात मिळाला, तेव्हाही त्यांनी राजीनामा दिला नाही. सर याला तडजोड म्हणतील. मी म्हणतो, बाई निघून गेल्या असत्या तर परवान्याच्या अटींवर भांडायला तिथे कोण उरलं असतं? शाळेच्या महोत्सवाला सर येणार आहेत असं कळलंय. वाद तिथेच घालू.